वामनवृक्षाचे रोप कसे निवडावे? खारेपाटणच्या ताम्रपटापासून आजच्या रोपवाटिकेपर्यंत

१/२७
इसवी सन १००८. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज एका शिवमंदिराला दान देतो आणि ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून ठेवतो. दानात तीन गावे आहेत, जहाजांमागे मिळणारे सोने आहे आणि मंदिराच्या सेवेसाठी नेमून दिलेली कुटुंबेही आहेत. त्या कुटुंबांच्या यादीत तेली आणि परीट यांच्याबरोबर माळी आणि कुंभार आहेत. झाड जोपासणारा आणि मातीचे भांडे घडवणारा, दोघेही एकाच लेखात! मग हजार वर्षांपूर्वी कोकणात बोन्साय होते, असे म्हणायचे का? या धाग्यात त्या प्रश्नाचा माग काढू. त्याच वाटेने आजच्या रोपवाटिकेत पोहोचू आणि बोन्सायसाठी कोवळे रोप कसे पारखावे, तेही पाहू.

२/२७
प्रथम स्थळाची ओळख. खारेपाटण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्याचे गाव. आज ते मुंबई-गोवा महामार्गावरचे एक ठिकाण म्हणून ओळखले जाते. पूर्वी मात्र त्याची ओळख पाण्याच्या वाटेने होती. विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळणाऱ्या वाघोटन खाडीने आत यावे, तो मार्ग खारेपाटणला येतो. घाटावरून उतरलेला माल आणि समुद्रातून आलेला माल यांची गाठ पडावी, अशी ही जागा. शिलाहारांच्या लेखांत येणारे बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असे मत काही अभ्यासकांनी मांडलेले आहे.

३/२७
रट्टराजाच्या या लेखाचा काळ शके ९३०. तो स्वतःला कल्याणीच्या चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक म्हणवतो. सणफुल्लापासून स्वतःपर्यंत दहा राजांची वंशावळ तो देतो. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इतिहास मुख्यतः या एका लेखाच्या आधारावर उभा आहे. दान आहे अव्वेश्वराच्या मंदिराला. ते स्वीकारणारा आत्रेय हा मत्तमयूर परंपरेतील शैव आचार्य. परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने मंदिराला मिळावे, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे समुद्रापार जाणारी-येणारी गलबते या राज्याच्या अगदी रोजच्या व्यवहारातली होती.

४/२७
या लेखाचे पहिले वाचन प्रसिद्ध करणारे गृहस्थ याच परिसराचे सुपुत्र होते: बाळशास्त्री जांभेकर, देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. १८३२ साली ‘दर्पण’ सुरू करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. प्राचीन लेख वाचणारे आरंभीचे भारतीय संशोधक ही त्यांची दुसरी ओळख तितकीच मोलाची आहे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून गेलेले फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’त नव्याने संपादित केला. जांभेकरांचा धडा आपणही गिरवू: लेखात जे आहे ते वाचायचे, जे नाही ते त्यात कोंबायचे नाही.

५/२७
लेखात काय आहे? देवाच्या पूजेची, मंदिराच्या डागडुजीची आणि तपस्व्यांच्या अन्नाची सोय. या व्यवस्थेत माळ्याचे काम उघड आहे: पूजेसाठी फुले आणि माळा. कुंभाराचेही तसेच: नित्य लागणारी भांडी. कुंडीत खुजे केलेले झाड या लेखात कोठेही नाही. माळी आहे, कुंभार आहे, परदेशी जहाज आहे. पण तीन ठिपके दिसले म्हणून त्यांच्यामधून मनाजोगती रेघ ओढणे म्हणजे इतिहास नव्हे. समाजमाध्यमांवर फिरणारे अनेक ‘ऐतिहासिक’ संदेश नेमकी हीच रेघ ओढतात.

६/२७
असाच एक संदेश तुम्हीही वाचला असेल: बोन्साय मुळात भारताचे, आपले वैद्य औषधी झाडे कुंड्यांत खुजी करून बाळगत, बौद्ध भिक्षूंनी ती कला चीनला नेली आणि तिचे नाव ‘वामनवृक्ष कला’. संदेश आकर्षक आहे. पण त्यात ग्रंथाचे नाव, अध्याय, लेखाचा काळ, चित्राचे ठिकाण यांपैकी काहीही दिलेले नसते. ‘वामनवृक्ष’ हा शब्द संस्कृत आहे, एवढाच काय तो आधार. परंतु परक्या वस्तूला आपण आज संस्कृत नाव दिले, म्हणून ती वस्तू प्राचीन होत नाही. ‘दूरदर्शन’ हाही शुद्ध संस्कृत शब्द आहे!

७/२७
कुंडीत झाड असणे आणि बोन्साय असणे यांतही फरक आहे. अंगणातल्या वृंदावनातील तुळस कुंडीतच असते, तरी तिला कोणी बोन्साय म्हणत नाही. जे झाड मोकळ्या जमिनीत मोठे झाले असते, ते उथळ पात्रात ठेवायचे. मुळे आणि फांद्या वारंवार छाटून ते लहान राखायचे. आणि पाहणाऱ्याला मात्र त्यात जुन्या, पूर्ण वाढलेल्या वृक्षाचा भास व्हावा अशी त्याची घडण करायची. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते बोन्साय. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र, ‘साय’ म्हणजे लावणे. हीच दोन चिनी अक्षरे चीनमध्ये ‘पेनझाय’ अशी वाचतात.

८/२७
मग भक्कम पुरावा कोठे आहे? चीनमध्ये. तांग राजवंशातील युवराज झांगहुआय याची कबर शान्शी प्रांतात, राजघराण्याच्या समाधिस्थळाच्या आवारात आहे. तिच्यातील भित्तिचित्रे इसवी सन ७०६ च्या सुमाराची. त्यांत उथळ पात्रात मांडलेले छोटे खडक आणि छोटी झाडे हातांत घेऊन जाणारे सेवक दिसतात. हे काळ ठाऊक असलेले, जागेवर असलेले, कोणालाही पाहून पडताळता येईल असे चित्र आहे. पुरावा असा असतो. पुढे सोंग काळात, म्हणजे आपला रट्टराज राज्य करत होता त्याही काळात, चिनी विद्वानांच्या वर्तुळांत अशा लघुदृश्यांची आवड चांगलीच रुजलेली होती.

९/२७
जपानमध्ये ही कला चीनकडून आली. १३०९ सालच्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या चित्रपटात, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या लांब सचित्र पटात, पात्रांतली छोटी झाडे रंगवलेली आहेत. त्यानंतरचे ‘हाचि नो कि’ हे नो नाटक तर अशा झाडांवरच बेतलेले. हलाखीत दिवस काढणारा एक सामुराई हिमवादळात दाराशी आलेल्या अनोळखी भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपली जिवापाड जपलेली तीन झाडे – प्लम, चेरी आणि पाइन – जाळतो. तो भिक्षू वेषांतर केलेला सत्ताधीश निघतो. कुंडीतल्या झाडाची किंमत समाजाने किती मोठी मानली होती, ते या कथेवरून कळते.

१०/२७
आता मुख्य प्रश्न: ही झाडे मिळवत कोठून? आरंभीची वाट डोंगराकडे जाणारी होती. कड्याच्या कपारीत मूठभर मातीवर, वारा आणि बर्फ झेलत, दीडशे-दोनशे वर्षांत जेमतेम हातभर वाढलेले झाड निसर्गानेच खुजे करून ठेवलेले असे. ते मुळांसकट उपटून आणायचे आणि पात्रात जगवायचे. जपानीत अशा झाडांना ‘यामादोरी’ म्हणतात, म्हणजे डोंगरावरून आणलेले. तयार वय, तयार वळण. माणसाचे काम थोडे. पण या सोप्या वाटेची किंमत डोंगराने मोजली.

११/२७
जपानच्या शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वत आणि मुख्य बेटावरील इतोइगावा परिसर तेथील जुनिपर झाडांसाठी बोन्साय जगतात प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोरांच्या आधाराने कड्यांवर उतरून ही झाडे काढणाऱ्यांची झुंबड उडाली. काही दशकांतच हाती लागण्याजोगी जुनी झाडे जवळपास संपली. आज त्या झाडांची नावे टिकून आहेत ती मुख्यतः त्यांच्या डहाळ्यांपासून वाढवलेल्या संततीमुळे. डोंगर रिता झाल्यावर रोपवाटिका उभी राहिली, असे नव्हे. पण रोपवाटिकेचे मोल मात्र तेव्हा सर्वांना पटले.

१२/२७
रोपवाटिकेची वाट त्याच शिकोकू बेटावर आधीच मळलेली होती. ताकामात्सु शहराजवळील किनाशी या भागात सुमारे २०० वर्षे पाइनची बोन्साय तयार होतात. आधी समुद्रकाठचे आणि डोंगरातले पाइन आणून कुंडीत लावले गेले. पुढे शेतात ओळींनी कोवळी रोपे लावून, त्यांचे खोड जमिनीतच जाड करून, मग त्यांना कुंडीत घेण्याची रीत बसली. जपानमधील पाइन बोन्सायचा फार मोठा वाटा आज याच भागातून येतो. किनारपट्टीवरचे शेतकरी, लहान शेते आणि ओळीत लावलेली रोपे: कोकणातल्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये.

१३/२७
एका झाडाची गोष्ट येथे सांगायलाच हवी. हिरोशिमातील यामाकी कुटुंबाकडे एक श्वेत पाइन होता. त्याची घडण १६२५ पासून चाललेली, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या पाच वर्षे आधीपासून! ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तेव्हा हे झाड स्फोटस्थानापासून सुमारे ३ किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशाला होते. ते वाचले. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला ५३ बोन्साय भेट दिले, त्यांत हेही होते. ते अणुस्फोटातून वाचलेले आहे, हे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाला कळले ते २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते पाहायला आले तेव्हा.

१४/२७
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांतून युरोपने ही झाडे पाहिली. १९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील बोन्साय बागवानांनी शहराबाहेर जाऊन १९२५ मध्ये ओमिया येथे बोन्सायचे गाव वसवले. भारतात ही कला विसाव्या शतकात मुख्यतः महानगरांतून पसरली. मुंबईत इंडो-जॅपनीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटाने ती शिकवली. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या वार्षिक पुष्पप्रदर्शनात बोन्साय पाहायला गर्दी होते आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने तेथे मोठे आंतरराष्ट्रीय बोन्साय प्रदर्शन भरले.

१५/२७
तर बोन्साय आपल्याकडे आले ते बाहेरून, आणि अलीकडे. यात उणे वाटण्यासारखे काहीच नाही. कारण बोन्सायला जे ज्ञान लागते, त्याचा अर्धा भाग आपल्याकडे खरोखरच प्राचीन आहे आणि त्याला ग्रंथाचा आधार आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेद नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात झाड खुजे कसे करावे ते नाही. रोप केव्हा हलवावे, किती अंतरावर लावावे, पाणी केव्हा द्यावे, आजारी झाड कसे ओळखावे, हे मात्र आहे. खोट्या अभिमानासाठी खरा वारसा अडगळीत टाकू नये.

१६/२७
वराहमिहिर सांगतो: फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात हलवावीत, फांद्या फुटलेली हेमंतात आणि ज्यांचे खोड भरदार झाले आहे ती पावसाच्या आरंभी. म्हणजे सगळ्या रोपांना एकच मुहूर्त नाही; रोपाची अवस्था पाहून काळ ठरवायचा. दोन झाडांमधील अंतर २० हात उत्तम, १६ मध्यम, १२ कनिष्ठ. फणस, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग यांसारखी झाडे फांदीपासून किंवा एकावर दुसरे बसवून करता येतात आणि त्या जागी शेणाचा लेप द्यावा, असेही तो नोंदवतो. यातली कितीतरी झाडे आजही कोकणच्या परसात उभी आहेत.

१७/२७
त्या फांदीच्या विद्येला आज आपण ‘कलम’ म्हणतो. हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ बोरूची लेखणी. काडीचे टोक लेखणीसारखे तिरपे तासायचे, म्हणून हे नाव सहज रुजले. गोव्यात पोर्तुगीज काळात आंब्याच्या कलमांना बहर आला. सतराव्या शतकात भारतात राहिलेल्या निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्याच्या आंब्यांची स्तुती करताना त्यांच्या जातींना माणसांची नावे असल्याचे लिहिले आहे. निवडक झाडाची फांदी घेऊन तेच झाड पुन्हा उभे करणे, ही दृष्टी तेथे पक्की झाली. ‘हापूस’ हे त्याच परंपरेचे फळ.

१८/२७
विसाव्या शतकात या ज्ञानाला संस्थांचे बळ मिळाले. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ चे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चे. आंब्याचे कोय कलम आणि काजूचे मृदुकाष्ठ कलम या पद्धतींमुळे रोपे थोड्या जागेत, थोड्या काळात आणि मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला शासनाने अनुदान दिले आणि कलमांची मागणी वाढली. महामार्गाच्या कडेला हिरवे जाळे बांधलेल्या ज्या रोपवाटिका आज दिसतात, त्यांच्या मागे हा सगळा इतिहास आहे. आता त्यांतल्या एकीत शिरू.

१९/२७
पहिली पारख: रोप निरोगी आहे का? आजारी झाडाची वराहमिहिराने चार लक्षणे दिली आहेत: पाने पिवळी पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे आणि रस पाझरणे. चौदाशे वर्षांनीही ही यादी जशीच्या तशी वापरता येते. त्यात आपण एक भर घालू: पान उलटून पाहा, मागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे का. बोन्साय म्हणजे मुळांची आणि फांद्यांची वारंवार छाटणी. आधीच थकलेले रोप ती सोसत नाही. स्वस्त मिळाले म्हणून आजारी रोप घरी आणू नये.

२०/२७
दुसरी पारख: वर पाहू नका, खाली पाहा. नवखा माणूस उंच, हिरवेगार रोप उचलतो. पण बोन्सायमध्ये ती उंची बहुधा पहिल्याच वर्षी छाटली जाणार असते. राहणार ते तळाचे वीतभर खोड. म्हणून पिशवीतील वरची माती बोटाने हळूच बाजूला करा. खोड जमिनीशी रुंदावते आहे का? मुळे सर्व बाजूंना पसरलेली आहेत की एकाच अंगाला? खोड तळाशी जाड आणि वर निमुळते होत गेले, तर लहान झाडही जुने दिसते. तळापासून शेंड्यापर्यंत सारख्या जाडीची काठी कितीही वर्षे कुंडीत ठेवली तरी काठीच दिसते.

२१/२७
याचे कारण साधे आहे. खोड जाड होते ते भरपूर पाने आणि मोकळी मुळे यांच्या जोरावर. उथळ पात्रात दोन्हींवर मर्यादा येते, म्हणून पात्रात गेल्यावर खोड फारच सावकाश वाढते. किनाशीचे शेतकरी रोप आधी जमिनीत वाढवतात ते याचसाठी. तेव्हा एकतर बुंधा भरलेले रोप निवडा किंवा कोवळे रोप घेऊन दोन-चार वर्षे जमिनीत अथवा मोठ्या कुंडीत मोकळे वाढू द्या. आज घेतलेले रोप आजच सुंदर पात्रात बसवण्याची घाई हीच बहुतेकांची अडचण होते.

२२/२७
तिसरी पारख: फांद्या आणि पाने. फांद्या खालपासून फुटलेल्या हव्यात; छाटणीनंतर त्यांच्यातूनच झाडाचा आकार निघतो. पेरे जवळजवळ असावेत. पान जातीनेच लहान असेल तर काम सोपे. छाटणीने पान काहीसे लहान होते, पण फूल आणि फळ लहान होत नाही. म्हणून हापूसचे कलम बोन्सायसाठी गैरसोयीचे: लांब पान, मोठे फळ आणि खोडावर कलमाच्या सांध्याची कायमची खूण. बागेसाठी जे रोप उत्तम, तेच पात्रासाठी उत्तम असते असे नाही. हेतू बदलला की निवडीचे निकष बदलतात.

२३/२७
चौथी पारख: मुळे. काळ्या प्लॅस्टिक पिशवीत रोप फार काळ राहिले की मुळे तळाशी गोल गोल फिरतात आणि एकमेकांना आवळतात. पिशवीच्या भोकांतून जाड मुळे बाहेर पडून जमिनीत शिरली असतील, तर ते रोप उचलताना ती तुटणार हे निश्चित. रोप हलकेच हलवून पाहा. ते पिशवीत डगमगत असेल तर मुळे धरलेली नाहीत. बियांपासून वाढलेल्या पिंपळाला, चिंचेला सरळ खाली जाणारे सोटमूळ असते. ते पहिल्या मोठ्या छाटणीत आखूड करावे लागते, म्हणून कोवळे रोप बरे.

२४/२७
कोणती झाडे घ्यावीत? कोकणच्या दमट हवेत वडाच्या कुळाला तोड नाही: वड, पिंपळ, उंबर, नांदरूक. यांना मुळे सहज फुटतात आणि छाटणी चांगली मानवते. नांदरुकाचे पान लहान, म्हणून आरंभाला तेच उत्तम. चिंच, कुंती आणि बोगनवेल हीही चांगली. लावणीला पावसाचा आरंभ योग्य. भरल्या खोडाविषयी वराहमिहिरही तेच सांगतो. मात्र कोकणच्या पावसात पात्रात पाणी साचता कामा नये. लाल मातीत जांभ्याची बारीक खडी आणि कुजलेले शेणखत मिसळा. समुद्राची खारी वाळू वापरू नका. नवे रोप प्रथम काही आठवडे अर्धसावलीत स्थिरावू द्या.

२५/२७
आता सर्वांत महत्त्वाचे. इतिहासप्रेमी म्हणून आपण किल्ल्यांवर जातो. तेथे तटाच्या फटीत उगवलेला, दगडावर मुळे पसरलेला हातभर पिंपळ दिसतो. निसर्गाने घडवलेले तयार बोन्सायच! तो ओढून काढण्याचा मोह आवरा. त्याची मुळे चिऱ्यांच्या आत किती खोल गेली आहेत हे बाहेरून दिसत नाही. ओढताना रोपाबरोबर चुना आणि दगडही निखळतात. अशी झाडे वास्तूला घातक असतात हे खरे, पण ती काढणे हे पुरातत्त्व विभागाच्या जाणकारांचे काम आहे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत. त्यांना इजा करणे हा कायद्याने गुन्हा आहे. झाड दिसले तर छायाचित्र काढून विभागाला कळवा.

२६/२७
तीच गोष्ट जांभ्याच्या सड्याची. पातळ मातीमुळे तेथील झुडपे वर्षानुवर्षे खुजी राहतात आणि बोन्सायवाल्यांची नजर त्यांच्याकडे वळते. पण याच सड्यांवर कोकणची कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यातील कुडोपीसह काही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. कित्येक शिल्पे मातीच्या थराखाली झाकलेली असताना सापडली आहेत. एका झुडपासाठी मारलेली पहार अजून कोणी न पाहिलेल्या शिल्पावर पडू शकते. इशिझुचीच्या कड्यांनी झाडे गमावली. आपल्या सड्यावर झाडाबरोबर इतिहासाचे पानही फाटेल. म्हणून रोप घ्यावे ते रोपवाटिकेतूनच.

२७/२७
तर रट्टराजाच्या काळी कोकणात बोन्साय होते का? ताम्रपट तसे म्हणत नाही. तो सांगतो ते एवढेच, की त्या समाजाने मंदिराची व्यवस्था लावताना राजांच्या नावांबरोबर माळ्याची आणि कुंभाराचीही नोंद ठेवली. आणि नोंद राहिली म्हणूनच आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो. यामाकींचे झाड कोठून आले, हेही वॉशिंग्टनला कळले ते एका कुटुंबाने आठवण जपली म्हणून. या पावसाळ्यात रोप आणाल तेव्हा झाडाची जात, रोपवाटिकेचे गाव आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. छाटणी कराल तेव्हा पुढची ओळ लिहा. झाड तुमच्यानंतरही जगू शकते. पुढच्या माणसाला त्याचा इतिहास शोधत बसावे लागू नये. तुमच्या गावाजवळच्या रोपवाटिकेत नांदरुकाला काय नाव आहे, ते उत्तरात अवश्य लिहा. धागा समाप्त.